दिसायला जुनाच कार्बोरेटर

लान्सिंग, मिशिगन
१९ ऑगस्ट २००३

प्रिय ग्लेन,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू दचकला असशील. घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. मॉमचे टोमॅटो यंदा इतके आलेत की शेजारी आम्हाला बघून दार लावून घेतात. पण फोनवर तुझं-माझं बोलणं हवापाण्यापलीकडे जात नाही, आणि स्वयंपाकघरातला फोन डॅडच्या खुर्चीला लागूनच आहे, म्हणून लिहिते आहे. बातमी अशी की डॅडची ती सत्तरची ओल्ड्समोबिल, आपली फोर-फोर-टू, पुन्हा धावायला तयार आहे. हिवाळ्यात आम्ही तिचं इंजिन बाहेर काढलं आणि आतून पार बदलून टाकलं. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी ती शर्यतीला उभी राहणार. डॅड म्हणतात, चालवणार मीच. मी म्हणते, तुम्ही चालवायची नाही. सध्या या घरात एवढा एकच वाद आहे, आणि तो का आहे ते तुला नीट कळावं म्हणून जरा मागून सुरुवात करते.

गेल्या वर्षी डॅड प्रत्येक फेरीत हरले, हे मी तुला फोनवर सांगितलं होतं. सुरुवातीच्या लाईनीवरून निघायलाच त्यांना उशीर होत होता. तू म्हणालास, म्हातारा स्टिअरिंगवर डुलक्या काढतो वाटतं, आणि आपण दोघंही हसलो. ट्रॅकवरच्या लोकांचं म्हणणं पडलं की इंजिन थकलं. डॅडनी तेच उचलून धरलं. बत्तीस वर्षांचं इंजिन थकणारच, म्हणाले. मला मात्र उत्साह आला. कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं, डोक्यात नुसती इंजिनं फिरत होती. मी म्हटलं, आपण ते नव्यानं बांधू. डॅडनी माझ्याकडे जरा तिरकं बघितलं आणि म्हणाले, इंजिनिअरबाई, तुमच्या कॉलेजातलं इंजिन कागदावर चालतं, ह्याला तेल लागतं. पण दुसऱ्याच शनिवारी त्यांनी गॅरेजमध्ये इंजिन उचलायची साखळी टांगली होती.

तो हिवाळा मी विसरणार नाही, ग्लेन. बाहेर गुडघाभर बर्फ, आत तो रॉकेलचा हीटर, रेडिओवर हॉकीची मॅच, आणि आम्ही दोघं. सिलिंडर मोठे केले, हवा जायच्या वाटा घासून रुंद केल्या, व्हॉल्व्ह उघडणारा दांडा नवा घातला. मी गणित करायचे, डॅड हात चालवायचे, कधी उलटंही व्हायचं. मे महिन्यात मला पदवी मिळाली. तुझं कार्ड आणि पान्यांचा सेट पोचला, तेव्हाच आभार मानले होते, आता पुन्हा मानते. आपल्या घरातल्या कुणी तो काळा झगा अंगावर चढवायची ही पहिलीच वेळ, म्हणून मॉमनं तो दोनदा इस्त्री केला. समारंभ संपल्यावर डॅड कानाशी येऊन म्हणाले, चला, आता कपडे बदल, कार्बोरेटरचं बघायचं राहिलंय.

कार्बोरेटरचं बघायचं म्हटल्यावर तुला काय आठवलं असेल ते मला माहीत आहे. मी तेव्हा तेरा वर्षांची होते आणि कुंपणाला टेकून उभी होते. आदल्या दिवशी डॅड कारखान्यात पाळीवर गेलेले असताना तू जुना कार्बोरेटर उतरवलास आणि पिझ्झाच्या दुकानात राबून साठवलेल्या पैशांचा तो मोठा, चकचकीत, बाजारातला नवा बसवलास. ट्रॅकवर त्यांनी बॉनेट उघडलं. सगळ्यांसमोर पाना मागितला, तो उतरवला आणि तुझ्या हातात दिला. ही माझी गाडी आहे, म्हणाले, जत्रेतला पाळणा नाही. तू म्हणालास, तुम्हाला वेग नकोच आहे, तुम्हाला गाडीचा फोटो हवाय. महिन्याभरात तू टल्साला निघून गेलास. तेव्हा मला वाटायचं की डॅड चुकले. आता वाटतं की तुम्ही दोघंही आपापल्या जागी बरोबर होतात, आणि म्हणूनच ते कुणाला मिटवता आलं नाही.

आता मात्र तोच प्रश्न पुन्हा समोर आला. आतून बदललेल्या इंजिनाला जुन्यापेक्षा खूप जास्त हवा हवी, आणि ती जाते कार्बोरेटरमधूनच. सोपा उपाय तुझाच होता: बाजारातला मोठा कार्बोरेटर. पण ह्या शर्यतीत बॉनेट उघडलं की गाडी १९७० मध्ये कारखान्यातून निघाली तशीच दिसली पाहिजे. आत काय हवं ते करा, वरून ओळखू येता कामा नये. शर्यतीच्या सकाळी ते सगळे म्हातारे बॅटऱ्या घेऊन एकमेकांच्या इंजिनांवर कसे वाकतात, तुला आठवतं ना? नळीवरचा चिमटासुद्धा त्या सालातला लागतो. कुणी विचारलं, आत काय केलंयस रे, तर समोरचा चेहरा पाडून सांगतो, काही नाही बाबा, तेल बदललं. आणि मग ती गरीब गाय सुटली की सगळे टाळ्या पिटतात.

मला हे आधी पटत नव्हतं. मी डॅडना सरळ विचारलं की हे खोटं नाही का? वेगवान आहे तर वेगवान दिसू दे. त्यांनी फडक्यानं हात पुसले आणि म्हणाले, अगं, खोटं म्हणजे समोरच्याला माहीत नसतं ते. इथे प्रत्येकाला माहीत असतं की प्रत्येकानं काहीतरी केलंय. लपवणं हाच खेळ आहे. आणि खरं सांगू का, ही गाडी कारखान्यात ज्या लाईनीवर जुळली तिथे मी उभा होतो. ती तशी दिसली की माझे सगळे दोस्त अजून पाळीवर आहेत असं वाटतं. पुढच्या वसंतात ओल्ड्समोबिलची शेवटची गाडी निघणार आणि ते नावच बंद होणार, हे तू वाचलंच असशील. घरात त्याबद्दल कुणी बोलत नाही. डॅडनी फक्त कारखान्याच्या जुन्या टोप्या कपाटातून काढून खिळ्यांवर टांगल्या आहेत.

बेत असा होता की गाडीचा मूळ कार्बोरेटर जपून ठेवायचा आणि त्याच सालातला दुसरा शोधून त्याच्यावर काम करायचं. मे महिनाअखेर जुन्या सुट्या भागांचा बाजार भरतो, तिथे मी, डॅड आणि त्यांचा पत्त्यांतला जुना दोस्त ऑर्विल गेलो. ऑर्विल तसाच आहे, फक्त पोट आणखी पुढे आलंय. डॅडनी एका टेबलावरून एक कार्बोरेटर उचलला, सगळीकडून बोटं फिरवली, कडेला कोरलेला नंबर उन्हात धरून वाकडी मान करून वाचला आणि म्हणाले, सत्तरचा आहे, आपलाच. घासाघीस करून घेतलाही. गाडीपाशी आल्यावर ऑर्विलनं तो हातात घेतला आणि मोठ्यानं हसायला लागला. अरे हार्लन, हा त्र्याहत्तरचा आहे! हे शून्य नाही, तीन आहे, आंधळ्या! आणि डॅड सगळ्यांत मोठ्यानं हसले. ऊन होतं, म्हणाले, चष्मा घाण झालाय. ज्या माणसानं ते नंबर आयुष्यभर वाचले, ज्याला इतर लोक फोन करून विचारायचे, तो शून्य आणि तीन यांत चुकला. मला विचित्र वाटलं, पण उन्हावर विश्वास ठेवणं सोपं होतं.

ऑर्विल म्हणाला, काही बिघडलं नाही, माझ्याकडे ठसे आहेत, तो तीन घासू आणि शून्य ठोकू, तुझ्या बापालासुद्धा कळणार नाही. मी म्हटलं, नाही. आत काय करायचं ते करू, पण त्याच्या कपाळावर खोटं नाव लिहायचं नाही. ऑर्विल डॅडना म्हणाला, कॉलेजात घालून पोर हातची घालवलीस. डॅडनी तो त्र्याहत्तरचा कार्बोरेटर गाडीत मागे टाकला. मग म्हणाले, मग आपलाच कापू. मूळचा. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्या कार्बोरेटरला त्यांनी आजवर कानस लावू दिली नव्हती. तुला तर हात लावल्याबद्दल सगळ्या गावासमोर बोलले होते. जपून जपून कुणासाठी जपायचं, म्हणाले, आणि गाडीत बसले. शेजारच्या जागेवर. गाडी मी चालवली.

आता मागे वळून बघताना सगळं स्पष्ट दिसतं. गुरुवारचे पत्ते त्यांनी बंद केले होते, कारण म्हणे ऑर्विल चोरून खेळतो. ऑर्विल चोरून खेळतो हे चाळीस वर्षं सगळ्यांना माहीत आहे. पिकअप मॉम चालवायला लागली होती, कारण म्हणे तिला आवडतं. हॉटेलात ऑलिव्ह बर्गर खायला गेलो की ती अख्खं मेनूकार्ड मोठ्यानं वाचते, जणू स्वतःशीच. अगं बाई, आज मटार सूप आहे, अगं बाई, चेरी पायसुद्धा आहे. मला वाटायचं ती म्हातारी होतेय. मी इतकी शिकलेली, मोजमाप करणारी, आणि माझ्या समोर बसलेल्या दोन माणसांनी आपसांत केवढी मोठी गोष्ट वाटून घेतली आहे, हे मला दिसलं नाही.

जून-जुलै फार सुंदर गेले. त्या कार्बोरेटरची रचना तुला ठाऊकच आहे: पुढे दोन लहान भोकं, मागे दोन मोठी, आणि मागच्यांवर स्प्रिंगनं धरलेली झडप. कारखान्यानं त्या झडपेला एक अडसर ठेवला होता, म्हणून ती पुरती उघडत नसे. डॅडनी तो अडसर माझ्या हातात कानस देऊन मला घासायला लावला. मी म्हटलं, तुम्हीच करा, तुमचा हात चांगला. तर म्हणाले, पदवी कशाला घेतलीस मग? किंचित धातू गेला, झडप पूर्ण उभी राहिली, आणि वरून बघणाऱ्याला काहीही कळणार नाही. आतले पेट्रोल सोडणारे जेट मोठे घातले, तळाच्या गळक्या बुचांना लुकण लावलं. मग स्प्रिंगवरून भांडलो. डॅडना ती सैल हवी होती. मी प्रोफेसरांकडून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा मीटर उसना आणून गाडीच्या धुराला लावला आणि दाखवलं की झडप लवकर उघडते आणि इंजिन क्षणभर गुदमरतं. त्यांना ते मान्य, पण मी सांगितलेला ताण त्यांना फार वाटला, आणि रस्त्यावर नेल्यावर खरंच गाडी वरच्या वेगाला रेंगाळली. शेवटी दोघांच्या मधल्या ताणावर गाडी अशी काही सुटली की मी ओरडले आणि डॅडनी डॅशबोर्डवर थाप मारली. घराजवळ आल्यावर म्हणाले, ग्लेनचं एक बरोबर होतं. हिला हवा कमीच पडत होती. मला वाटलं हे तुला कळायला हवं.

आणि मग गेल्या गुरुवारी दिवे गेले. टल्साला बातमी पोचलीच असेल, इकडे अर्धा देश अंधारात होता. दुपारचे चार वाजून गेले होते. शेवटची साफसफाई करायला आम्ही कार्बोरेटर पूर्ण उघडला होता आणि पुन्हा जुळवत होतो. गॅरेजचं दार विजेवरचं, ते बंद, खिडकी नाही. एका क्षणात डोळ्यांपुढे काळोख. मी म्हटलं, हलू नका, मी बॅटरी आणते. घरात जाऊन शोधशोध केली, मॉमचीही पंचाईत झाली, शेवटी एक मेणबत्ती घेऊन परत आले. तर आतून धातूचा बारीक आवाज येत होता. डॅड थांबलेच नव्हते. मेणबत्तीच्या उजेडात बघितलं तर त्यांनी सुई, स्प्रिंग, ती मोहरीएवढी पोलादी गोळी, सगळं जागच्या जागी बसवलं होतं आणि झाकणाचे स्क्रू फिरवत होते. नजर समोरच्या भिंतीवर. मी म्हटलं, थांबायचं तरी, मी उजेड आणतच होते. तर अगदी सहज म्हणाले, कशाला? मला उजेडाचा तसाही फारसा उपयोग नाही.

मग त्यांनी सांगितलं. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग जात चालला आहे. कडेचं दिसतं, मधलं नाही. तुझ्याकडे बघितलं, म्हणाले, की तुझे कान दिसतात, तोंड दिसत नाही. डॉक्टरकडे जाऊन आले आहेत, उपाय नाही असं ऐकून आले आहेत. मॉमला पहिल्यापासून माहीत आहे. आणि गेल्या सप्टेंबरात लाईनीवरच्या खांबावरचे, शर्यत सोडणारे दिवे त्यांना दिसतच नव्हते. मान वळवली की दिवे दिसायचे, पण रस्ता जायचा. म्हणून ते कान देऊन बसायचे. शेजारची गाडी सुटल्याचा आवाज आला की हे निघायचे. म्हणून उशीर. ग्लेन, आपण हसलो होतो तेव्हा ते हे करत होते. आणि आम्ही अख्खा हिवाळा त्या बिचाऱ्या इंजिनाला दोष देऊन ते दुप्पट ताकदीचं करून ठेवलं.

मी म्हटलं, तुम्ही ही गाडी चालवणार नाही. ते म्हणाले, पाव मैल सरळ रस्ता, वळायचं कुठे आहे? तू मागे उभी राहा आणि हिरवा लागला की डिकीवर थाप मार, बाकी मी बघतो. बघतो, असंच म्हणाले. मी म्हटलं, डॅड, तुम्हीच मला शिकवलंत की इंजिन लपवणं खोटं नाही, कारण समोरच्याला माहीत असतं. हे त्याला माहीत नाही. शेजारच्या पट्टीत एक माणूस असेल, आणि त्याला वाटत असेल की तुम्हाला तो दिसतो आहे. हे बोलताना माझा आवाज चढला. ते मेणबत्ती विझवून घरात गेले.

शनिवारी जेवताना, मीठ दे म्हणावं तसं म्हणाले, मग तू चालव. मॉमनं काटा खाली ठेवला. मला आनंदानं ओरडावंसं वाटलं, कारण मला ती चालवायची आहे, ग्लेन, हे तुझ्यापासून लपवत नाही. पण पुढचं वाक्य होतं, मी येणार नाही. का, विचारलं तर म्हणाले, बाकावर बसून काय करू? दोन आवाज जातील, पुढे कुठला ते कळणार नाही. तुझी आई प्रत्येक फेरीला डोळे झाकते, आणि ऑर्विल शर्यत सोडून जगातलं सगळं सांगतो. तिथे बसून आंधळा होण्यापेक्षा मी घरी बसेन. आणि आज सकाळी मी कामावर निघताना गॅरेजमध्ये डोकावले, तर ते हेल्मेट मांडीवर घेऊन गाडीत बसले होते. एकच फेरी, नोरीन, म्हणाले, शेवटची. मी किल्ली लपवू शकते. पण किल्ली लपवली की मी त्यांची मुलगी राहणार नाही, त्यांची पहारेकरी होईन, आणि ते मला त्यांच्याबाबतीत कधीच व्हायचं नाही.

हे सगळं मी तुला आज का लिहिते आहे ते आता सांगते. काल संध्याकाळी आम्ही अंगणात कणसं सोलत बसलो होतो. डॅड एकदम म्हणाले, ग्लेन लहान असताना कुंपणावर बसून अख्खी शर्यत बोलून दाखवायचा. मॉम हसली. म्हणाली, तर काय, आवाज बसेपर्यंत, आणि माणसं आपापल्या जागा सोडून त्याच्यामागे येऊन उभी राहायची. डॅड म्हणाले, हो, सगळे मला येऊन सांगायचे, हार्लन, तुझ्या पोरानं तुझी फेरी अशी सांगितली की बघण्यापेक्षा ऐकण्यात मजा. आणि मग कणसाकडे मान तिरकी करून बघत म्हणाले, मी कधी ऐकलंच नाही ते. मी गाडीत असायचो ना. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, सप्टेंबरात त्याला कामाची गडबड असेल का गं? तुला लिही असं ते म्हणालेले नाहीत, ते म्हणणारही नाहीत. पण ग्लेन, तू बाकावर त्यांच्या शेजारी असशील तर ते गाडीतून उतरतील, एवढं मला कळलं आहे. गाडी मी सांभाळते. तू ये, आणि कोण पुढे आहे ते त्यांना सांग.

तुझीच,
नोरीन